दोन बॅटऱ्यांचा दम

मी एक जुना व्हेप आहे, म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेट. मित्रांनो, नाव वाचून लगेच पान उलटू नका, आणि तुमच्या बाईंनीही कपाळाला आठ्या घालू नयेत. मी माझी जाहिरात करायला बसलेलो नाही. आपल्या देशात माझ्यासारख्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी आहे, आणि ती का आहे हे मला फार उशिरा कळलं. जे कळलं ते जसंच्या तसं सांगायचं, असा मी निश्चय केला आहे. मध्येच मी स्वतःची तारीफ करू लागलो तर तेवढं सोसून घ्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि मी अजून पुरता मेलेलो नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझं अंग जस्ताचं, ओतीव आणि जड. पोटात दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी बसतात. बारक्या व्हेपांना एकच बॅटरी असते, ते दुपारीच मान टाकतात. मी मात्र दोन दिवस सलग चालायचो. माझं मागचं झाकण चुंबकाने टक्कन बसतं. आत बाण कोरलेले आहेत. बॅटरी उलटी घातली तर मी चालूच होत नाही. जागं करायला माझं बटण पाच वेळा भरभर दाबावं लागतं, म्हणजे पिशवीत धक्का लागून मी उगाच तापत नाही. बॅटरी बिघडलीच तर आतला वायू बाहेर पडावा म्हणून तळाशी भोकं आहेत. आणि कोणी दहा सेकंदांहून लांब झुरका घेऊ लागलं की मी आपला आपण बंद होतो, नाहीतर माझ्या आतली तार जळून जाईल. छोट्या पडद्यावर मी सेकंद मोजतो, आणि आजवर किती झुरके झाले तेही मोजतो.

डोक्यावर काचेची टाकी असते. तिच्यात आंब्याच्या वासाचा गोड द्रव, आणि त्या द्रवात निकोटीन. तंबाखूतलं ते हेच, ज्याची सवय जडते. द्रव तापला की त्याची वाफ होते आणि माणूस ती छातीत ओढून घेतो. माझं काम एवढंच.

विक्रम नावाच्या मुलाने मला दुबईहून पुण्यात आणलं आणि मावसबहिणीला वाढदिवसाची भेट म्हणून दिलं. तिचं नाव दीपमाला. वय चोवीस, राहणार सदाशिव पेठेत, आईबरोबर दोन खोल्यांत. खराडीच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचा तिला पगार मिळायचा, त्यामुळे घरी आलेली प्रत्येक वस्तू तपासल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. मिक्सरसुद्धा तिच्या वहीतून सुटला नव्हता.

मलाही तिने रविवारी टेबलावर ठेवलं, आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून एका बाजूला गुण आणि दुसऱ्या बाजूला दोष असं लिहिलं. झाकण दहा वेळा काढून लावलं, बॅटरी मुद्दाम उलटी घालून पाहिली, दहा सेकंदांनी मी खरंच थांबतो का ते घड्याळ लावून पाहिलं. गुणांची बाजू खालपर्यंत भरली. दोषांखाली तिने आधी लिहिलं, ‘वजन जरा जास्त.’ मग ते खोडलं आणि लिहिलं, ‘दोष नाहीत.’ त्या दिवशी मला आकाश ठेंगणं झालं होतं.

मला राहायला तिची कापडी पिशवी मिळाली. तिथे आधीपासून एकजण राहत होता. तो होता तिचा शंख, जुन्या उपरण्यात गुंडाळलेला. त्याच्या काठाला एक टवका उडालेला होता, म्हणून वाजताना पहिल्या क्षणी त्याचा आवाज जरा फाटायचा आणि मग सरळ व्हायचा. दीपमाला एका शंखनाद पथकात होती. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत पथक निघतं तेव्हा सगळ्यांच्या आधी एकाने एकट्याने शंख फुंकायचा आणि वीस अंक मोजून होईपर्यंत तो नाद तुटू द्यायचा नाही, अशी त्या पथकाची रीत. हा मान दोन वर्षं दीपमालाकडे होता. तिची मजल पंचवीसपर्यंत जायची. पथकाचे प्रमुख बापूराव, पोस्टातून निवृत्त झालेले, बोटं मिटत अंक मोजायचे.

मी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत काही फरक दिसला नाही. मग ऑफिसच्या गच्चीवर, स्कूटर लावताना, आंघोळीला जाण्याआधी आणि आल्यावर मी तिच्या हातात दिसू लागलो. माझ्या पडद्यावरचा झुरक्यांचा आकडा हजारांत गेला. दुसरा एखादा व्हेप संध्याकाळी तरी संपला असता आणि तिला थोडी उसंत मिळाली असती. मी संपायचो नाही. दोन बॅटऱ्यांचा दम होता ना माझ्यात! माझ्या ज्या गुणाचा मला सगळ्यात जास्त गर्व होता, त्यानेच तिचा घात केला. हे सांगताना आजही मला लाज वाटते.

आईला संशय येऊ नये म्हणून दीपमालाने एक थाप मारून ठेवली होती. “शंखासाठी घसा मोकळा राहायला हवा ना, म्हणून वाफ घेते,” असं ती म्हणाली. आई, म्हणजे सुशीलाबाई, मार्केट यार्डात एका मसाल्याच्या गाळ्यावर पाकिटं भरायच्या. मिरचीच्या धुळीने त्यांना दमा जडला होता. सर्दी झाली की पातेल्यात ओवा टाकायचा, डोक्यावरून टॉवेल घ्यायचा आणि वाफ घ्यायची, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या. वाफ वाईट असते असं त्यांना कोणी कशाला सांगेल? त्यांनी विश्वास ठेवला.

आषाढ संपता संपता पथकाचा सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी दीपमालाने शंख ओठांना लावला आणि नवव्या अंकाला नाद तुटला. बापूरावांची बोटं अर्धीच मिटलेली राहिली.

“दीपमालाताई,” ते म्हणाले, “शंख फुंकायचा असतो. आपण त्याच्या कानात गुपित सांगताय.”

सगळे हसले. मी पिशवीत होतो, मला मात्र हसू आलं नाही. माझ्या झुरक्याची मर्यादा दहा सेकंदांची, आणि आता हिची मजल नवावर! मग बापूरावांनी शंख नाकापाशी नेला आणि वास घेतला.

“शंखाला आंब्याचा वास? मोसम तर संपला.”

दीपमालाने शंख परत घेऊन उपरण्यात गुंडाळला. बापूरावांनी पुढे विचारलं नाही. “विसर्जनाला दीड महिना आहे,” एवढंच म्हणाले. “वीस झाले तर मान आपला. नाही झाले तर शेफाली फुंकेल. ती पंधरापर्यंत आलीय, आणि तिचा शंख वासाचा नाही.” शेफाली ही पथकातली सगळ्यात नवी मुलगी.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ती घटना घडली. दीपमाला कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती आणि मी खिडकीत चालू अवस्थेत पडलो होतो. सुशीलाबाईंचं नाक चोंदलं होतं. पातेलं चढवायचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी मला उचललं. लेकीला त्यांनी अनेकदा पाहिलं होतं, बटण कुठे आहे ते ठाऊक होतं. पातेल्यावरची वाफ घ्यावी तसा त्यांनी एक लांब, विश्वासाने भरलेला श्वास आत ओढला.

मित्रांनो, मी काय केलं असेल? मी माझं काम केलं. बॅटऱ्या तपासल्या, तार तपासली, सगळं ठीक होतं म्हणून वाफ दिली. ओढणारी बाई दम्याची आहे, हे ओळखायची सोय माझ्यात कुणी केलीच नव्हती. त्यांना ठसका लागला तो थांबेना. छाती वाजू लागली, मी हातातून फरशीवर पडलो, आणि सुशीलाबाई खिडकीचा गज धरून खाली बसल्या. दीपमाला धावत आली. तिने मला पाहिलं, आईला पाहिलं. फळीवरचा दम्याच्या औषधाचा पंप तिने आईच्या तोंडाला लावला आणि शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. जाताना मलाही ओढणीत गुंडाळून घेतलं.

तिथे मास्क लावून औषधाची वाफ दिल्यावर अर्ध्या तासाने सुशीलाबाईंचा श्वास सुरळीत झाला. डॉक्टरांनी विचारलं, “कसली वाफ घेतली होतीत?”

“मुलीच्या मशीनची,” सुशीलाबाई म्हणाल्या. “तिच्या शंखाची.”

दीपमालाने मला टेबलावर ठेवलं आणि आईसमोरच सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. सवय सोडायला काय करायचं ते त्यांनी तिला सांगितलं, आणि आईसाठी औषधाची वाफ देणारं एक छोटं मशीन घरी ठेवायला सांगितलं.  घराचा जिना चढताना सुशीलाबाई मध्येच थांबून म्हणाल्या, “मला फसवलंस त्याचं मी विसरेन गं. पण मी गल्लीभर सांगत होते, माझी पोर शंखासाठी वाफ घेते म्हणून.”

त्या संध्याकाळी दीपमालाने वही उघडली. ‘दोष नाहीत’ हे शब्द खोडले आणि खाली लिहिलं, ‘स्वतःला जपायच्या सगळ्या सोयी आहेत. ओढणाऱ्याला जपायची एकही नाही.’ मित्रांनो, माझी इतकी नेमकी परीक्षा कुणीच केली नव्हती. मला ती मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी ती बापूरावांकडे गेली आणि त्यांनाही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मराठीत दम हा एकच शब्द आहे, दीपमालाताई. मारला की संपतो, धरला की वाढतो. उद्या सकाळी सहाला मैदानावर या.”

तिने माझ्या बॅटऱ्या काढून आईच्या हवाली केल्या. सुशीलाबाईंनी त्या पापडाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि डबा उंच फळीवर ठेवला. मी टेबलाच्या खणात गेलो. सवय सोडणं सोपं नव्हतं. तिचं डोकं ठणकायचं, ऑफिसात ती सगळ्यांवर खेकसायची, चहा अर्धा टाकून उठायची. एका संध्याकाळी तर तिने खण उघडला, मला मुठीत घट्ट धरलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“आई, डबा दे. एकदाच.”

सुशीलाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “दम धर,” म्हणाल्या.

बापूरावांचे शब्द त्यांनी ऐकलेले नव्हते, तरी तोंडात तोच शब्द आला. दीपमाला तिथेच खाली बसली आणि रडली. मग उठली, मला खणात परत ठेवलं, आणि शंख घेऊन गच्चीवर गेली. त्या दिवशी अकरा अंक झाले.

मग चौदा झाले. मग एकदा पुन्हा बारावर घसरली, पण सकाळचे सहा चुकले नाहीत. विसर्जनाच्या चार दिवस आधी सतरा झाले. त्याच दुपारी तिने पापडाचा डबा उतरवून घेतला आणि मला, बॅटऱ्यांना आणि आईच्या वाफेच्या मशीनला घेऊन बुधवार पेठ गाठली.

तिथे मिरवणुकीच्या रस्त्यालगत धम्मदीप नावाच्या गृहस्थांचं दुरुस्तीचं दुकान आहे. मला पाहताच ते म्हणाले, “हे आम्ही दुरुस्त करत नाही.”

“दुरुस्त नको आहे. कायमचं बंद करायचं आहे,” दीपमाला म्हणाली. “फक्त बॅटऱ्या वाया घालवू नका. आईच्या वाफेच्या मशीनला लावता येतील का? वीज गेली की ते बंद पडतं.”

धम्मदीपांनी भिंग लावून बॅटऱ्यांवरची प्लास्टिकची साल निरखली, कुठे फाटली नाही ना ते पाहिलं, मग दोन्ही मीटरवर मोजल्या. “सुरेख जोडी आहे. एकत्र चार्ज केल्या, एकत्र वापरल्या. ही जोडी कधी मोडू नका, एकीला दुसरीच बॅटरी लावली तर तापेल.” त्यांनी दोघींना पॉवर बँकेच्या एका डब्यात बसवलं, आईचं मशीन जोडलं, आणि नळीतून पांढरी, बिनवासाची वाफ आली. तेवढं पाहून दीपमाला हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला तशी हसताना पाहिलं. माझ्या बॅटऱ्या गेल्या, पण चांगल्या घरी गेल्या.

मी राहिलो काउंटरखालच्या खोक्यात, तुटक्या चार्जरांबरोबर. लवकरच आमचं खोकं इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या गाडीत जाईल. मित्रांनो, जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगतो. माझ्यासारखी देखणी वस्तू कुणी हातात दिली, तर तिचे गुण मोजत बसू नका, ते भरपूर निघतील. ती कोणाला जपते तेवढं विचारा. माझी बॅटरी दुकानात मिळते, तुमची छाती एकदाच मिळते.

काल विसर्जन झालं. दुपारी दुकानाबाहेर गर्दीचा गलका होता, तो एकाएकी शांत झाला. मग शंख वाजला. पहिल्या क्षणी जरा फाटला आणि मग सरळ झाला, तेव्हा मी ओळखलं. माझा पडदा आता काळा आहे, बॅटरी नाही, तरी मोजायची सवय सुटत नाही. मी मोजू लागलो. सात, आठ, नऊ. दहाला मी नेहमी थांबायचो.

ती थांबली नाही. अकरा, बारा. सतराला आवाज किंचित थरथरला आणि मी माझं सगळं जस्त आवळून धरलं. अठरा. एकोणीस. वीस. एकविसाव्याला बाहेरच्या रस्त्यावर एकच जल्लोष झाला, आणि त्या गलक्यातही शंख वाजतच होता.