प्रासुक पाणी

आठवा थेंब पडला. भागचंदांनी काचेची नळी हलवून उजेडात धरली. पाच मिनिटांनी पाणी पिवळं दिसायला हवं होतं. ते हिरवं होत गेलं, पार गर्द.

सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगणारा हा कारंजा गावचा आडत्या. त्याला खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीशी काय घेणंदेणं? पण टाकी नमननं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं मांडली होती. मासे सोडण्याआधी दगडांवर नि स्पंजात जिवाणू वाढावे लागतात, ते अमोनिया खातात तेव्हा कुठे मासे जगतात, हे त्यानंच शिकवलं होतं. जिवाणूंना पोसायला जैनाघरी कोळंबी कुजवायची कशी, म्हणून अमोनिया बाटलीतला. टाकी मांडल्याच्या विसाव्या दिवशी अमरावती रोडवर ट्रकनं त्याला उडवलं. तेव्हापासून त्याची वही भागचंद चालवत होते. परवा जिवाणूंनी सगळा अमोनिया खाल्ला नि नळी पहिल्यांदा पिवळी आली, तेव्हा ते एकटेच बसून रडले होते. पोराचं एवढं तरी जिवंत राहिलं होतं.

"टाकीले कोणी हात लावला काय?"

हीराबाई पदराला हात पुसत आल्या. "मीच लावला काल. त्याच्या मावश्या येऊन राह्यल्या उद्या. दगडं, स्पंज, सारं धुतलं."

"कायच्या पाण्यानं?"

"त्याच्या वस्तूवर कच्चं पाणी कसं टाकू मी? उकळून प्रासुक केलं, अन् कढतच ओतलं, मळ निघावा म्हून."

प्रासुक. ज्यात जीव उरला नाही असं पाणी. भागचंदांच्या अंगात संताप उसळला. सगळं ओठांवर आलं होतं. पण या बाईनं जन्मभर मुंगीला वाट दिली होती, आणि पोरगा गेल्यापासून ती अर्ध्या पोळीवर होती. आपल्याच हातून ते जीव मेले हे कळलं तर ती अर्धी पोळीही सुटली असती.

"काहून? बिघडलं काय काई?"

त्यांनी नळी मुठीत झाकली. "काई नाही. पिवळं आलं."

"म्हंजे जगले त्याचे जीव?"

"जगले."

त्या दुपारी हीराबाईंनी महिन्याभरात पहिल्यांदा स्वतःचं ताट वाढून घेतलं. भाजीत मीठ कमी आहे, असंही म्हणाल्या.

त्या जेवत असताना भागचंदांनी नमननं आखलेल्या रकान्यात 'पिवळं' असं लिहिलं. मग वही उलटी करून अगदी शेवटचं पान काढलं, आणि तिथं बारीक अक्षरात लिहिलं: दिवस पहिला. टाकीत आता नमनचं काहीच नव्हतं. त्यांनी अमोनियाची बाटली उघडली आणि थेंब मोजायला घेतले.