कोशात नसलेलं नाव

“मिविका! संस्कृत आहे म्हणे. अर्थ, पहाटेचं पहिलं दव.” विहीणबाईंनी मोबाईल हातभर लांब धरून वाचलं आणि मांडीवरच्या दोन महिन्यांच्या नातीला विचारलं, “काय गं मिवू, आवडलं का?”

पोर नेमकी तेव्हाच हसली. दोन महिन्यांचं मूल पंख्याकडे बघूनही हसतं, पण मुलगा आणि सून असे खूश झाले, जणू तिनं सहीच केली. समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाईंच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या.

बाई म्हणजे मुलाची आई, पोरीची दुसरी आजी. बत्तीस वर्षं त्या ग्रंथालयाचा संदर्भ विभाग सांभाळत होत्या. नात्यागोत्यात, शेजारीपाजारी कुठंही मूल झालं की पहिला फोन बाईंना. त्या नाव सुचवत, अर्थ सांगत, शब्द कुठून आला ते सांगत. नको म्हटलं तरी सांगत. अनघा म्हणजे निष्पाप, मेदिनी म्हणजे पृथ्वी. एका शेजाऱ्यानं न विचारता मुलीचं नाव शर्वरी ठेवलं आणि ती झोपू देत नाही म्हणून कुरकुर केली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “शर्वरी म्हणजे रात्र. मग ती जागवणार नाही तर काय करणार?”

असं सगळ्या जगाचं नाव ठेवून झालं, आणि आता घरच्याच नातीचं नाव ही विहीण ठेवणार? शाळा जेमतेम सातवीपर्यंत, आयुष्य गेलं शिवणयंत्रावर. पण पोरगी रडायला लागली की तिच्याच खांद्यावर गप्प होई. बाईंनी घेतलं की टाहो. बाईंना हे खुपत होतं. आपण या घरातली दोन नंबरची आजी होणार, अशी त्यांना भीती वाटे.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात त्या काम सोडून चार कोश घेऊन बसल्या. मिविका कुठंच नव्हतं. दव नाही, पहाट नाही, शब्दच नाही. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी हाताखालच्या कारकुनाला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

“कुणीतरी तीन अक्षरं जुळवलीत आणि अर्थ चिकटवलाय,” संध्याकाळी त्यांनी घरी जाहीर केलं. “उद्या तिनं विचारलं, आजी, माझ्या नावाचा अर्थ काय, तर काय सांगायचं? ऋजुता ठेवा. ऋजु म्हणजे सरळ. वेदांइतका जुना शब्द आहे.”

विहीणबाई ओशाळल्या. “तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला जास्त कळतं. मला आपलं तोंडाला गोड लागलं, इतकंच.”

कागदावर ऋजुता लागलं. बाई जिंकल्या.

पण विहीणबाई सहा महिने राहिल्या आणि जाताना मिवू ही हाक इथंच ठेवून गेल्या. सून खोलीचं दार लोटून पोरीला मिवूच म्हणायची. बाई निवृत्त झाल्या; दिवसभर भरवणं, झोपवणं, दुपटी बदलणं सगळं त्यांच्याकडे. तरी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर विहीणबाई “मिवू” म्हणाल्या की पोर बाईंच्या मांडीवरून उडी घ्यायची. राबायचं आम्ही आणि लाड यांचे! शेवटी एकदा बाई फोनमध्ये डोकं घालून म्हणाल्या, “दोन नावांनी मूल गोंधळतं हो. एकच काय ते म्हणा.”

“बरं,” विहीणबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या हाकच मारेनाशा झाल्या. नुसत्या बघत बसायच्या.

आठवड्यानंतरची गोष्ट. दुपारी बाई सोफ्यावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दार नीट लागलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा पोर रांगत उंबऱ्यापलीकडे गेली होती. तिच्यापुढं हातभरावर जिना.

“ऋजुता!” बाई ओरडल्या. पोर थांबली नाही. “ऋजुता! अगं ए!” गुडघ्यांनी दगा दिला, उठता उठता त्या पुन्हा बसल्या. पोरीचा हात पहिल्या पायरीच्या कडेवर.

“मिवू!”

पोर थांबली. मान वळवून तिनं पाहिलं, बोळकं पसरून हसली आणि झपाझप रांगत परत आली. बाईंनी तिला उचलून घट्ट धरलं. त्यांना रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात भीतीइतकाच संतापही होता. वाचवलं ते विहिणीनं ठेवलेल्या नावानं. कोशात नसलेल्या.

संध्याकाळी फोन आला. विहीणबाईंनी धीर करून, जीभ वळवत हाक मारली, “रुजुता... बाळा...”

पोर बाईंच्या मांडीवर मजेत मोजा चघळत राहिली. पडद्याकडे तिनं पाहिलंही नाही. बाईंना हवं होतं ते हेच.

“झोप आली असेल तिला,” विहीणबाई म्हणाल्या. “ठेवते मग.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. आवाज जरा कोरडाच निघाला. “मिवू म्हणा. मिवू म्हटल्याशिवाय बघत नाही ती.”

मग ती हाक आली. पोर मोजा टाकून, बाईंच्या पोटावर पाय देऊन, फोनकडे झेपावली. बाईंनी साडी सारखी केली आणि फोन पडू नये म्हणून मागून हात लावून धरला.