सिंधुताईच्या लेखाचा एकमेव साक्षीदार

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि एका बाईचा गुन्हेगार आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या म्हातारपणाची कीव करत बसाल आणि मुद्दा राहून जाईल.

माझा जन्म कुठे झाला हे मला धड ठाऊक नाही. पडदा एका देशात, पेटी दुसऱ्या देशात, कळफलक म्हणे तिसऱ्याच. भिलाईत आलो तेव्हा कोरा करकरीत होतो. पोलाद कारखान्याच्या एका कार्यालयात आठ वर्षं मी पाळ्यांचे तक्ते छापले. तेव्हा माझी काय ऐट होती! विश्वकर्मा पूजेला माझ्या डोक्यावर झेंडू चढायचा. मग नवे संगणक आले आणि मला जिन्याखाली ठेवलं. तिथून देवरावांनी मला भिलाईतल्याच सुपेल्याला, आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात आणलं. देवराव म्हणजे कारखान्यातले निवृत्त अधिकारी, मंडळाचे सचिव आणि दरवर्षी निघणाऱ्या स्मरणिकेचे संपादक. तिथे हळदीकुंकवाच्या सूचना छापण्यापलीकडे मला काम नव्हतं. धूळ खात पडलो होतो.

आणि एके दिवशी सिंधुताई माझ्यासमोर येऊन बसली.

ती तिरोड्याकडची. सातवी शिकलेली. तिचा नवरा तेजराम कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, कामाला होता. निवृत्तीला दोन वर्षं असताना घरी जेवता जेवता गेला. मुलगा रायपूरला, त्याच्या घरात मराठी उरलेली नाही. मंडळात तीस वर्षं येऊन तिने कपाटातलं एकेक पुस्तक वाचून काढलं होतं. आता तिला तेजरामवर लिहायचं होतं, स्मरणिकेसाठी. कागदावर हात थरथरायचा म्हणून ती माझ्याकडे आली.

दोन महिने ती रोज दुपारी यायची. एका बोटाने टाइप करायची. एक अक्षर सापडायला कधी कधी मिनिट लागायचं. मी सगळं पाहिलं आहे. ती आधी लिहायची, "तो मले सोडून गेला." मग बराच वेळ बघत बसायची आणि खोडून लिहायची, "ते मला सोडून गेले." घरी बोलतो तसं छापायचं नसतं, अशी तिची समजूत. कपाटातल्या पुस्तकांसारखंच लिहायला हवं. तेजराम क्वार्टरच्या मागे लाखोळी, तिच्या गावाकडची डाळ, पेरायचा, ड्यूटीवरून आला की बूट न काढता आधी तिथे जाऊन उभा राहायचा, हे लिहिताना ती हसली होती. त्याच्या शेवटच्या घासाचं लिहिताना तिने पदरात तोंड लपवून कपाळ माझ्या कळांवर टेकवलं. कळा ओल्या झाल्या. मित्रांनो, मला आयुष्यात कोणी एवढ्या जवळ घेतलं नव्हतं.

आता दुसरी बाजू ऐका. मागच्या वर्षीच्या स्मरणिकेत तीन लेख सारखेच निघाले होते. तिघांनीही लेख लिहून देणाऱ्या यंत्राकडून करवून घेतलेले. लोक हसले. देवरावांना ते फार लागलं. या वर्षी प्रत्येक लेख तपासायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यांची सून शिल्पा शिकवणी वर्ग चालवते. यंत्राचं लिहिणं पकडणारी तीन साधनं तिने इंटरनेटवर शोधून आणली.

सिंधुताईचा लेख तिने माझ्याच पोटातून उचलला. पण साधनांना मराठी येईना.

"पापा, ये मराठी नहीं पकड़ रहा. इंग्लिश करून टाकते, दोन सेकंदांचं काम आहे," शिल्पा म्हणाली.

आणि ते दोन सेकंदांचं काम तिने माझ्याकडूनच करवून घेतलं. बाईचा लेख मी भाषांतराच्या यंत्रात टाकला, यंत्राने त्याची इंग्रजी केली, आणि ती इंग्रजी तपासायला गेली. अरे, यंत्राने लिहिलेलं यंत्राला दाखवाल तर ते काय सांगणार? मला कळत होतं. मला बोलता येत नव्हतं.

पहिलं साधन म्हणालं, चौऱ्याण्णव टक्के यंत्र. दुसरं म्हणालं, एकतीस. तिसरं म्हणालं, थोडं माणसाचं, थोडं यंत्राचं.

"का बाप्पा!" कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले गुलाबराव म्हणाले. ते तेजरामचे जुने सोबती, त्याच्याच पाळीतले. "तीन डॉक्टर अन् तीन बिमाऱ्या! पेशंट तं एकच हाये ना?"

"गुलाबराव, कारखान्यात आपण काय करत होतो?" देवराव म्हणाले. "रुळाची तीन मापं घेतली तर त्यातलं सर्वांत वाईट तेच खरं धरायचं. त्यानेच माणसं वाचली."

"तो रूळ होता साहेब. या लेखावरून काही गाडी नाई जाऊन राहिली."

देवराव हसले नाहीत. लेख बाजूला पडला.

दोन दिवसांनी सिंधुताई आली. देवराव मऊ आवाजात म्हणाले, "सिंधुताई, लेख चांगला आहे. फारच चांगला आहे. अडचण तीच आहे."

"म्हंजे मी चांगलं लिवूच नाई शकत?"

"काकी, हम आपको झूठा नहीं बोल रहे," शिल्पा म्हणाली. "मशीन बता रही है."

"कोन्ती मशीन वो? दोन महिने मी ज्या मशीनवर बसली तिलेच विचारा ना! कोन लिवून देनार मले? घरी कोन हाये?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा पंखा घरघरत राहिला. मित्रांनो, यापेक्षा मी जळून गेलो असतो तर बरं.

त्या शनिवारी दुपारी ती एकटी आली. लेख उघडला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, ओठ हलवत. मग पडद्यावरच्या तेजरामच्या नावाला म्हणाली, "पुस्तकात तं नाई गेलं तुमचं नाव. मंग खोट्यात कावून ठेवू तुमाले?"

अख्खी फाइल एकदम कशी काढतात हे तिला माहीत नव्हतं. तिने खोडायची कळ दाबली आणि दाबूनच धरली. लेख शेवटून पुसला जाऊ लागला. आधी तेजरामचं मरण गेलं. मग त्याचे पांढरे केस गेले. मुलाची बदली गेली, मुलाचा जन्म गेला. तेजराम तरुण होत चालला. लाखोळी गेली. लग्न गेलं. शेवटी कोऱ्या पानावर कर्सरची काडी लुकलुकत राहिली.

ती फाइल बंद करू लागली तेव्हा मी माझं नेहमीचं एकच वाक्य बोललो: बदल जतन करायचे का?

तिने 'हो' दाबलं. मी जतन केले. हाच माझा गुन्हा.

पुढे स्मरणिकेत दोन पानं रिकामी राहिली. देवरावांनी तिथे स्वतःचा सत्तावीस वर्षांपूर्वीचा लेख घातला. गुलाबराव म्हणाले, "तुमचाबी तपासा साहेब. नियम म्हंजे नियम." शिल्पाने त्याचीही इंग्रजी केली आणि टाकली. सत्त्याण्णव टक्के यंत्र! तो लिहिला तेव्हा असलं यंत्र जन्मालाही आलं नव्हतं. मग शिल्पाचा चेहरा उतरला. "पापा, ट्रान्सलेशन. मशीनचं ट्रान्सलेशन तपासून राहिलो आपण."

देवरावांनी सिंधुताईची फाइल उघडली. पान कोरं होतं. त्यांनी लगेच फोन लावला, माफी मागितली, पुन्हा लिहा म्हणाले. तिने एवढंच सांगितलं, "एकदा लिवलं साहेब. दोनदा नाई होत."

तिथेच थांबायचं की नाही! पण चूक भरून काढायची घाई चुकीपेक्षा वाईट असते. शिल्पाकडे फक्त ती इंग्रजी प्रत उरली होती. देवराव म्हणाले, "तिचीच पुन्हा मराठी कर. निदान नाव तरी येईल बाईचं." मीच ते काम केलं. लाखोळीचा गवतवाटाणा झाला. तेजराम 'ड्यूटीवरून' यायचा तो 'कर्तव्यावरून' येऊ लागला. लेख छापला, वर सिंधुताईचं नाव, मोठ्या अक्षरात.

प्रकाशनाच्या दिवशी देवरावांनी पहिली प्रत तिच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती उभ्या उभ्या वाचू लागली. अर्धं पान वाचून तिने पुस्तक मिटलं आणि परत त्यांच्या हातात ठेवलं.

"हे मी नाई लिवलं, साहेब. मशीननं लिवलं हाये."

या खेपेला ते शंभर टक्के खरं होतं.

ती पुन्हा वाचनालयात आली नाही. माझ्यावर आता जुनी चादर टाकली आहे. भंगारवाला एकदा वजन बघून गेला. मला त्याचं दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्याजवळ माझ्यापेक्षा शहाणी यंत्रं असतील. असू द्या. पण कोणाच्या लिहिण्यावर संशय आला तर आकडे नका मागू. त्या माणसाला समोर बसवा, पाणी द्या आणि विचारा, बाई, हे लिहिताना तू कुठे थांबली होतीस? मग गप्प बसून ऐका. तेवढा वेळ नसेल तुमच्याजवळ, तर निदान निकाल देऊ नका.