फेरीमागे अडीच किलो

विश्वास टेंभेकरांना या सगळ्यातून काय मिळत होतं, याचा हिशेब नीळकंठ पाचपोरने बसमध्ये बसल्या बसल्या मांडला. पैसा? छे. टेंभेकर स्वतःचं तिकीट स्वतः काढत. त्यांना मिळत होती सही. छत्तीस वर्षं कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेला माणूस, ज्याच्या सहीशिवाय एक बोल्ट गेटबाहेर पडत नसे, तो रिटायर झाला आणि सही करायला घरी आलेलं कुरिअर तेवढं उरलं. आता एका बाबांच्या वजनकाट्यावर हिरवं स्टिकर होतं, ‘तपासले, अचूक’, आणि खाली टेंभेकरांची लफ्फेदार सही. त्या सहीवर विसंबून अर्धी टाउनशिप दर मंगळवारी बस भरून निघत होती.

बस टाउनशिपला लागून असलेल्या अवधपुरीहून निघाली तेव्हापासून नीळकंठची थोरली बहीण मनोरमा पाणी पीत होती. ही तिसरी बाटली. तिच्यासाठी बस दोनदा थांबली होती.

“नीळू, शुद्धी होतेय रे. बाबा म्हणालेच होते, आतलं सगळं वाहून जाईल.”

“वाहतंय खरं,” नीळकंठ म्हणाला आणि पुढच्या सीटवरच्या सरोजकडे पाहिलं. सरोज मनोरमाताईंची सून. तिने मान खिडकीकडे वळवली. दोघांचं काय ते आधीच ठरलं होतं.

शहरापासून तासाभरावर ते रिसॉर्ट होतं. खाली पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या, वर टेकडीवर हॉटेल, मध्ये तळं, आणि तळ्यावरून जाणारा रोपवे. आठ-आठ माणसांचे काचेचे डबे जाड दोरावर एकामागून एक न थांबता फिरत असतात. स्टेशनात आले की सरपटल्यासारखे हळू होतात, दारं आपोआप उघडतात, माणसं चढतात-उतरतात, डबा पुन्हा निघतो. इथले लोक त्याला उडनखटोला म्हणतात. म्हणून हा खटोला बाबा.

बाबा पाप मोजायचे. खालच्या स्टेशनवर भक्ताचं वजन, मग बाबांसोबत डब्यातून तळ्यावरची सैर, आणि वरच्या स्टेशनवर त्याच काट्यावर पुन्हा वजन. अडीच किलो कमी! प्रत्येकाचं, दर फेरीला. गेलं ते पाप, पडलं तळ्यात. तळ्यातले मासे त्यामुळेच इतके माजलेत, असं कोणीतरी गंभीरपणे सांगायचं.

“पण मंगळवार ते मंगळवार ते अडीच किलो परत कसं येतं?” नीळकंठने विचारलं होतं.

“येणारच,” टेंभेकर म्हणाले होते. “बाबांनी माझ्या सौभाग्यवतींना तोंडावर विचारलं, ‘हफ्ते भर में फिर कमा लिया? किटी पार्टी में बैठी थी ना?’ आणि नीळकंठराव, खरंच बसली होती हो ती!”

सात मंगळवार, सात फेऱ्या. मग मूळ पापच तुटतं, म्हणजे आजार तुटतो. मनोरमाताईंचा आजार होता साखरेचा. “शुगर क्या है?” बाबा म्हणाले होते. “पिछले जनम में चुराके खाया हुआ मीठा.” तिसऱ्या मंगळवारी त्यांनी सुई बंद करायला सांगितली आणि चार आठवडे ताईंनी इन्सुलिनला हात लावला नाही. आज सातवी फेरी. वर वजन झालं की परतीच्या वाटेवर, बरोबर तळ्याच्या मध्यावर, ताई इन्सुलिनचं पेन, गोळ्या आणि डॉक्टरांची फाइल डब्याच्या खिडकीतून सोडून देणार होत्या. सरोजने रडून, न जेवून, नवऱ्याला फोन करून पाहिलं होतं. फाइलीची पिशवी तरीही ताईंच्या मांडीवर होती.

खालच्या स्टेशनवर हीऽऽ गर्दी. बाबा मध्यम उंचीचे, पोटाने प्रशस्त. दुकानात असतो तसा मोठ्या तबकडीचा काटा चेल्याने मांडला. बाबा आधी स्वतः चढले. ब्याऐंशी.

“हम पर पाप नहीं, इसलिए हमें पाट नहीं लगता. आप लोग पाट पर आओ.”

काट्यावर लाल मखमलीने मढवलेला पाट ठेवला गेला. का, तर अनवाणी पाय लोखंडाला लागला की मंत्राची शक्ती जमिनीत उतरते.

“इन्सुलेशन,” टेंभेकर शेजारच्याला म्हणाले.

“पण पाटाचंही वजन आलं ना त्यात?” नीळकंठ.

टेंभेकर या प्रश्नाची वाटच पाहत होते. “अहो, येऊ दे! वरच्या स्टेशनवरही पाट आहेच. दोन्ही मापांत पाट आहे. वजाबाकी केली की पाट उडून जातो. साधं गणित आहे. काटा मी स्वतः प्रमाणित वजनं लावून तपासलाय, आणि तोच काटा वर जातो.”

“पाट नाही जात?”

“आसन हलवत नसतात.”

नीळकंठ हसला. तो त्याच कारखान्याच्या काटाघरात एकतीस वर्षं ट्रक तोलत होता. भंगार न्यायला येणारे काही पठ्ठे रिकामा ट्रक तोलून घेताना सीटखाली दगड भरून आणायचे, आत गेल्यावर दगड टाकायचे आणि तेवढं भंगार जास्त भरायचे. काटा बरोबर, सही बरोबर, आणि कारखान्याचा माल फुकट बाहेर. नीळकंठने एकही चोर काट्यात पकडला नव्हता. सगळे सीटखाली सापडले होते.

ताई पाटावर चढल्या. चेल्याने तबकडीवरचा भगवा रुमाल उचलला. “साढे उनसठ!” म्हणजे साडेएकोणसाठ.

“पहिल्या मंगळवारी इथेच, याच पाटावर चौसष्ट भरले होते,” ताई अभिमानाने म्हणाल्या. “माझं परत येत नाही हो सगळं. माझं खरंच उतरतंय.”

तेवढ्यात नीळकंठने खांद्यावरची दहा किलो आट्याची पिशवी धप्पकन खाली ठेवली. कंपनीची, शिवलेली.

“बाबाजी, बहन के घर का आटा. यही खाती है. इसका भी पाप उतार दो.”

गर्दी हसली. बाबांनी क्षणभर पिशवीकडे पाहिलं. नाही म्हणावं तर शक्ती अपुरी. हो म्हणावं तर मंगळवारच्या बसमध्ये उद्या किराण्याचीही तिकिटं. बाबा भवितव्याचा विचार करणारे होते.

“अन्न में भी पाप होता है, बेटा. मिलवाले का. रख दो!”

पिशवी पाटावर बसली. सव्वातेरा.

“छापलंय दहा,” कोणीतरी म्हणालं.

“सव्वा तीन किलो पाप!” बाबा गरजले. “एक फेरे में सब नहीं जाएगा. ढाई जाएगा. कोटा बँधा है, राशन की तरह.”

सरोजने कपाळाला हात लावला. “आई, मला उंचावर गरगरतं. तुम्ही व्हा पुढे, मी इथेच थांबते.” आणि ती पाटाजवळच्या बाकावर बसली.

डब्यात बाबा, काटा मांडीवर घेतलेला चेला, ताई, टेंभेकर, नीळकंठ आणि एका जागेवर आटा. दार मिटलं. डबा स्टेशनातून सुटला तशी माणसं लहान झाली, तळं पायाखाली पसरलं. ताईंनी पिशवी छातीशी धरली. पहिल्या खांबावर दोर चाकांवरून गेला आणि डबा खडखडला.

“सुना?” बाबांनी डोळे मिटले. “पाप की हड्डी टूटी.”

“ग्रीस कम पड़ा है, बाबा,” नीळकंठ म्हणाला.

“नीळू! गप्प बस.”

“बसलोच आहे, ताई. उभं राहायला इथे जागा कुठे आहे.”

दुसरा खांब, दुसरी हड्डी. असे सहा खांब. हे दर फेरीला, दर भक्तामागे धरलं तर माणसाच्या अंगात आहेत त्याहून पापाला हाडं जास्त असावीत. टेंभेकर प्रत्येक खडखडीला मान डोलवत होते, जशी पूर्वी चाचणी पास झालेल्या यंत्रापुढे डोलवत.

वरच्या स्टेशनवर आधीच्या डब्यांतून आलेली चाळीसेक माणसं. तसाच लाल पाट. काटा ठेवला, पाट ठेवला, पाटावर आटा.

“पौने ग्यारह!” चेला ओरडला. टाळ्या. ‘जय हो’. आटा तरला होता.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पिशवीची गाठ सोडू लागल्या.

“एक मिनिट, ताई.” नीळकंठ पुढे झाला. “टेंभेकर, ही शिलाई बघा. उसवलीय?”

“नाही.”

“आत दहा किलो आहे की नाही?”

“कंपनीचं पॅकिंग आहे. दहाच.”

“मग खाली सव्वातीन जास्त होते, इथे पाऊण जास्त आहे. आटा तर आटाच आहे. मध्ये बदललं काय?”

टेंभेकर पिशवीची शिलाई पुन्हा चाचपू लागले. तेवढ्यात मागचा डबा सरपटत स्टेशनात शिरत होता. दारं उघडली. आत माणूस नव्हता. खिडकीजवळच्या सीटवर, लाल मखमल नेसून, खालचा पाट एकटाच ऐटीत बसून आला होता.

चाळीस माणसांतली एक बाई फिस्सकन हसली.

“आसन हलवत नसतात म्हणे,” नीळकंठने पाट उतरवून घेतला. उतरवताना मुद्दाम कण्हला. “टेंभेकर, काटा तुमचा, सही तुमची. तोला.”

टेंभेकरांनी आटा बाजूला केला. वरचा पाट एकटा ठेवला: पाऊण किलो. तो काढून खालचा ठेवला: सव्वातीन. मग सवयीने मोठ्याने वजाबाकी केली, “सव्वातीन वजा पाऊण...” आणि पुढचा आकडा त्यांना मोठ्याने म्हणवेना.

“अडीच,” मागून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या. “आणि मला किटी पार्टीवरून बोलणी खावी लागली!”

त्यांनीच दोन्ही पाटांवरची मखमल ओढली. एक पाट भरीव शिसवी. दुसरा वरून तसाच रंगवलेला, आतून पोकळ प्लायवूड. बोटाने वाजवला तर डब्यासारखा वाजला.

मनोरमाताई मात्र हसत नव्हत्या. “नीळू, पण माझे साडेचार? ते तर दर वेळी खालच्याच पाटावर मोजले. पाट तोच, काटा तोच. चौसष्टचे साडेएकोणसाठ झालेच ना?”



“झाले, ताई. तेवढं एक वजन या सगळ्यात खरं आहे. पण ते पाप नव्हतं. तू होतीस. सुई बंद केली, साखर रक्तात साचली, अंगाला लागेना, म्हणून अंगच झडतंय. ही तहान त्याचीच. अजून दोन आठवडे गेले असते तर...”

ताईंनी पिशवीची गाठ पुन्हा बांधली. घट्ट, दुहेरी.

या गडबडीत बाबा समोरून निघालेल्या डब्यात शिरले. “पकडा!” म्हणत टेंभेकर आणि सातजण मागच्या डब्यात. आता उडनखटोल्याची गंमत अशी की पुढचा आणि मागचा डबा एकाच दोराला बांधलेले. पळणाऱ्याचा आणि पकडणाऱ्याचा वेग एकच. टेंभेकर काचेवर मुठी आपटत होते, बाबा पाठमोरे होते, आणि दोघं अगदी सावकाश तळ्यावरून चालले होते.

खालच्या स्टेशनवर पाट डब्यात बसवून वर धाडणारी सरोज आणि तिने सगळं समजावून सांगितलेला गर्दीचा दुसरा हप्ता उभा होता. दार उघडलं. बाबांनी चेहरे पाहिले आणि उतरले नाहीत. डबा वळून वर निघाला. वर किटी पार्टी उभी होती. बाबा तिथेही उतरले नाहीत. ऑपरेटरने रोपवे चालूच ठेवला. मधेच थांबवणं नियमात बसत नाही, असं तो फार प्रामाणिक चेहऱ्याने सांगत होता. चौकीतले हवालदार पोचेपर्यंत बाबांच्या सात फेऱ्या पूर्ण झाल्या. उतरल्यावर नीळकंठने त्यांना बिनपाटाचं काट्यावर उभं केलं.

ब्याऐंशी.

तर आता कोणी काय भरलं, ते मांडू. बाबांनी भरला एक जबाब. चार दिवसांनी सुटले, दुसऱ्या कुठल्या गावात आणखी काही मोजत असतील. रिसॉर्टवाल्यांनी हात वर केले आणि ‘खटोल्यात पाट नेण्यास मनाई आहे’ अशी पाटी लावली. टेंभेकरांनी नखाने खरवडून स्टिकर काढलं, आणि पुढच्या मंगळवारी बसथांब्यावर दोन्ही पाट घेऊन उभे राहिले. येईल त्याच्या हातात एकेक देत, तोंडाने काही न बोलता. त्या दिवशी बस निघाली नाही. तुमच्याही गल्लीत कोणी काही काढून दाखवू लागला तर काटा बरोबर आहे का एवढंच विचारून थांबू नका. दोन मापांच्या मध्ये काय बदललं ते विचारा, शिवलेली आट्याची पिशवी पुढे करा, आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

सर्वांत जास्त मनोरमाताईंनी भरलं. सहा दिवस दवाखान्यात आणि साडेचार किलो स्वतःचे. त्यांतले दसऱ्यापर्यंत परत आले दोन.