सांजेच्या गाण्यातली टक

काजमावशींच्या बोलण्यातलं निम्मं वजा करावं आणि उरलेलं चाळणीतून गाळून घ्यावं, असं त्यांची सूनच सांगायची. कपड्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काजं-बटणं केलेली ही बाई. सुई चालायची तोवर तोंड चालायचं, आणि सुई सुटून बारा वर्षं झाली तरी तोंडाला काही निवृत्ती मिळाली नव्हती. एकदा म्हणे कोट शिवायला इतकं जाडं गिऱ्हाईक आलं की माप घ्यायला एक जण टेप धरून उजवीकडून निघाला, दुसरा डावीकडून, आणि दोघांची गाठ पाठीमागे जेवणाच्या सुट्टीत पडली. त्या कोटाची काजं एवढी मोठी, की मावशी त्यातून मान बाहेर काढून चहा मागवायच्या.

या थापांना घरात गिऱ्हाईक उरलं नव्हतं. सून दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवायची आणि घरी आल्यावर सासूबाईंनाही "आई, ब्रेक" म्हणायची. मग सुनेनेच तोडगा काढला. सासूबाईंना फोनवरच्या एका गटात घातलं. गटाचं नाव 'जुन्या गाण्यांचा कट्टा'. माणसं एकशे अठरा, कुणी कुठलं तर कुणी कुठलं. एक जण बोटीवर स्वयंपाकी होता, तो समुद्रातून गाणी पाठवायचा. एक दंतवैद्य होते, ते दात काढताना कोणतं गाणं लावलं की पेशंट कमी ओरडतो याचा अभ्यास करत होते. पहिलं गाणं कुठे ऐकलं, कुणाच्या रेडिओवर, तेव्हा हातात काय होतं, हेच तिथलं खाणं आणि हेच पिणं. मावशींना माहेर मिळाल्यासारखं झालं.

कट्ट्याचे कारभारी एक निवृत्त ग्रंथपाल. सरळ माणूस, पण इतका सरळ की वाकायचं म्हटलं तर मोडेल. त्यांच्याकडे जाडजूड रजिस्टर होतं. गाणं, गायक, साल, पुरावा. पुरावा नाही तर नोंद नाही. दर रविवारी अकराला सगळे व्हिडिओवर जमायचे, तेव्हा ग्रंथपालांच्या डोक्यामागे भिंतीवर एक घड्याळ दिसायचं. ते कित्येक वर्षं चाराला दहा मिनिटं कमी असताना थांबलेलं. "दुरुस्त का करत नाही?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "दिवसातून दोनदा बरोबर असतं. या कट्ट्यावरच्या काही लोकांपेक्षा जास्त." त्यावर सगळे मावशींना हसणारे चेहरे पाठवायचे.

तर एका गुरुवारी सकाळी ग्रंथपालांनी कट्ट्यावर एका पिवळ्या कागदाचा फोटो टाकला. रद्दीत एक जुनी गाण्यांची पुस्तिका सापडली होती, त्यातलं हे पान. गाणं होतं 'वाटे, जरा थांब'. खाली त्यांनी लिहिलं होतं: "या गाण्याची तबकडी कुणाकडे नाही. वीस वर्षं शोधतोय. शब्द मिळाले, पण चाल कायमची गेली, असं मी आता मानतो. माझा भाचा याला नवी चाल लावतो आहे. रविवारी तो ऐकवेल आणि तीच चाल रजिस्टरात जाईल."

मावशींचा फोन पिठाच्या डब्यात पडता पडता वाचला. चाल गेली? कशी जाईल? मावशींच्या डोक्यात ती रोज साडेपाचला वाजत होती. कारखान्यात फळीवर कर्ण्याचा फोनोग्राफ होता. सहाला सुट्टी, आणि साडेपाचला हे गाणं. गाणं लागलं की चाळीस मशिनींचे पाय हलके व्हायचे. मावशींनी हात पुसले, चष्मा लावला आणि अख्खं गाणं फोनमध्ये म्हणून पाठवून दिलं.

पहिलं उत्तर दंतवैद्यांचं आलं. "मावशी, चाल झकास. मात्र दुसऱ्या कडव्यात टक असा आवाज येतो. खालची कवळी सैल झाली आहे. दुर्लक्ष करू नका."

दुसरं उत्तर ग्रंथपालांचं. त्यांनी कडव्याचे शब्द उतरवून काढले होते:

*सांजेला मन दारी बसले,*
*दिवे घरोघर हसले,*
*तुझ्या पावलांच्या चाहुलीने*
*अंगण जागे झाले.*

"आणि मावशींनी काय गायलं? 'सांजेला मन, जागे झाले.' मधल्या ओळींना पाय फुटले काय? ज्याने हे गाणं खरोखर ऐकलं, तो असं गाणारच नाही. मावशी, तुमचं जाडं गिऱ्हाईक आम्ही चालवून घेतलं. चाल चालवून घेणार नाही."

मावशी खुर्चीत बसल्या त्या बसूनच राहिल्या. जन्मभर तिखटमीठ लावून सांगितलेलं लोकांनी मिटक्या मारत खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा अळणी खरं वाढलं, तर ते कुणाच्या घशाखाली उतरेना. आणि तीन दिवसांनी त्या सोन्यासारख्या चालीच्या जागी कुणाच्या तरी भाच्याची चाल बसणार.

दुपारी सून जेवायला आली. तिने कागद वाचला, सासूबाईंचं गाणं ऐकलं. "आई, हे मधलं कुठे गेलं?"

"मधलं काही नाहीच मुळी. सांजेला मन, टक, जागे झाले."

"ही टक कशाची?"

"गाण्यातली."

"आई, गाण्यात टक कोण घालतं?"

मावशींनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सुनेला लग्नानंतर हे दृश्य प्रथमच दिसत होतं.

पन्नास वर्षांखालची एक दुपार मावशींपुढे उभी राहिली. वय एकवीस-बावीस. गाणं दिवसातून एकदाच लावायचं असा मॅनेजरचा नियम. सगळे जेवायला गेलेले पाहून त्या स्टुलावर चढल्या, गुपचूप एकदा जास्तीचं ऐकायला. फळीवर कटिंगमास्तरांची मोठी कात्री ठेवलेली होती. कोपर लागलं, कात्री घसरली ती टोकाने थेट तबकडीवर. ओरखडा उमटला. त्याच संध्याकाळी साडेपाचला 'सांजेला मन'पाशी सुईने टक करून उडी मारली ती थेट 'जागे झाले'वर. मॅनेजर लालबुंद. मावशींची जीभ टाळूला चिकटलेली. तेवढ्यात कटिंगमास्तर म्हणाले, "कात्री माझी, चूक माझी." महिनाभर बोलणी खाल्ली त्यांनी. पण गाणं काही बंद पडलं नाही. सगळे तसंच म्हणायला लागले. टक आली की चाळीस जण हातात असेल ते टेबलावर आपटायचे. नवी माणसं आली, तीही तसंच शिकली. एवढी वर्षं गेली, की ओरखडा पाडणारी बाईसुद्धा ओरखड्यालाच गाणं समजून बसली.

मावशींनी हे सगळं कट्ट्यावर सांगितलं. वजा करायला काही ठेवलं नाही. ग्रंथपालांचं उत्तर आलं, "गोष्ट छान आहे. पण गोष्टच आहे."

मग मात्र काजवालीचा पीळ जागा झाला. त्यांनी बोलून पाठवलं, "ऐका साहेब. कारखान्यातली माणसं अजून आहेत. माझी सून त्यांतल्या तिघांचे नंबर शोधेल आणि सरळ तुम्हाला देईल. माझ्या हाती नंबर पडणार नाही. रविवारी सगळ्यांसमोर तुम्हीच फोन लावा. एक जण जरी टक सोडून गायला तरी मी कट्टा सोडीन, पुन्हा गाण्याचं नाव काढणार नाही."

"आणि तिघेही तसंच गायले, तर भाच्याची चाल परत," ग्रंथपालांनी लिहिलं. माणूस सरळ होता, हे आधी सांगितलंच आहे.

सुनेने शिकाऊ ड्रायव्हरांची फौज कामाला लावली. गिअर बदलता बदलता विचारपूस चालली. कुणाची आजी, कुणाचे सासरे, कुणाच्या विहिणीची चुलत नणंद. शनिवारी संध्याकाळपर्यंत तीन नंबर ग्रंथपालांकडे पोचले. इस्त्रीवाले, कापडाच्या कडा शिवणारी ओव्हरलॉकवाली आणि कटिंगमास्तर.

शेवटचं नाव ऐकून मावशी उठून उभ्या राहिल्या. त्या सुनेला म्हणाल्या, "मास्तर अठ्ठ्याऐंशीचे असतील गं. आठवत नसेल तर? आणि आठवत असेल तर?"

"आई, आता ब्रेक मारू नका," सून म्हणाली. "चढावर गाडी मागे येते."

रविवारी अकराला एकशे अठराच्या एकशे अठरा हजर. बोटीवरचा स्वयंपाकी झारा हातात धरून आला होता. ग्रंथपालांनी दुसरा फोन समोर ठेवून नंबर लावला.

"कोण बोलतंय?" इस्त्रीवाले.

"'वाटे, जरा थांब' हे गाणं आठवतं का?"

"विमा विकताय का?"

"नाही हो. फक्त दुसरं कडवं म्हणून दाखवा."

"फुकट?" असं म्हणून इस्त्रीवाल्यांनी खाकरून सूर लावला. सूर तोच, वळण तेच. "सांजेला मन," आणि जिभेने टाळूवर टक, "जागे झाले."

दंतवैद्य हळूच म्हणाले, "यांचीही सैल दिसते."

ओव्हरलॉकवालीचं आता रोपांचं दुकान होतं. ती झाडांना पाणी घालत होती. गाण्याचं नाव ऐकताच ती हसत सुटली आणि हसत हसतच गायली. 'सांजेला मन'वर तिने झारी कुंडीवर आपटली. टक.

"मध्ये काय वाजवलंत?" ग्रंथपालांनी विचारलं.

"वाजवलं कुठे? गाणंच तसं आहे."

"तिसरीही कवळी?" बोटीवरून आवाज आला. दंतवैद्य म्हणाले, "मी माझं निदान मागे घेतो."

ग्रंथपालांनी चष्मा पुसला आणि तिसरा नंबर लावला. फोन कटिंगमास्तरांच्या मुलीने घेतला आणि वडिलांच्या कानाशी धरला. प्रश्न तीनदा ओरडून विचारावा लागला.

"मी गात नाही," मास्तर म्हणाले. "कधीच गायलो नाही. ठेवा फोन."

मावशींनी डोळे मिटले. अट तिघांची होती. सुनेने त्यांचा हात धरला.

ग्रंथपालांचं बोट फोन बंद करायला गेलं आणि थांबलं. नोंदीवर जगलेला माणूस, अर्धी नोंद त्याच्याने ठेववेना. "बरं, गाऊ नका," ते म्हणाले. "नुसतं सांगा. 'सांजेला मन', त्याच्यापुढे काय येतं?"

"टक," मास्तर म्हणाले.

"काय?"

"टक. कात्री पडली होती तिथे. माझी कात्री, पण काजवालीच्या कोपराने. तिला वाटतं कुणी पाहिलं नाही. मी ताग्यांच्या मागे डबा खात होतो."

मावशींना राहवलं नाही. "मास्तर, मी बोलतेय. काजवाली. मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुला काढून टाकलं असतं," मास्तर म्हणाले. "मग दिवसभर थापा कुणाच्या ऐकायच्या? त्या जाड्या गिऱ्हाइकाचा कोट झाला का गं पुरा?"

"एक बाही राहिलीय मास्तर," मावशी म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावता लावता हसल्या.

ग्रंथपालांनी रजिस्टर पुढे ओढलं. कॅमेऱ्यासमोर धरून सगळ्यांना दिसेल अशा अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं: "'वाटे, जरा थांब'. चाल मिळाली. पुरावा, एक ओरखडा. साक्षीदार, तीन. मूळ स्रोत, काजमावशी." मग उभे राहून त्यांनी मावशींना नमस्कार केला. त्या सरळ माणसाची कंबर वाकलेली कट्ट्याने तेव्हा प्रथम पाहिली, आणि ती मोडली नाही. भाचा कोपऱ्यातल्या चौकोनातून म्हणाला, "मामा, माझी चाल राहू दे. याच्यापुढे ती न शिवलेल्या कापडासारखी आहे."

"मावशी, आता एक काम करा," ग्रंथपाल म्हणाले. "शब्द माझ्याकडे आहेत, चाल तुमच्याकडे. गाळलेल्या ओळी पहिल्या कडव्याच्या चालीत बसतील. गाणं एकदा पुरं होऊ द्या."

मावशींनी कागद डोळ्यांजवळ धरला. ज्या ओळी त्यांच्याच कोपराने मारल्या होत्या, त्या पन्नास वर्षांनी त्यांच्याच गळ्यातून निघाल्या. आवाज फाटका, पण सूर जागेवर. दिवे घरोघर हसले, तुझ्या पावलांच्या चाहुलीने. ओळी अशा चपखल बसल्या, जसं बटण आपल्या काजात बसतं.

फक्त 'सांजेला मन'पाशी सवय आडवी आली. मावशींनी जिभेने टक केली. फोनवरून मास्तरांनी काठी आपटली. दंतवैद्यांनी चिमटा बशीवर मारला, बोटीवर झारा कढईवर पडला, सुनेने गाडीची किल्ली टेबलावर आपटली, आणि एकशे अठरा घरांतून एकदम टक झाली.

मावशी आता सांगतात, की ती टक इतकी जबरदस्त होती, की ग्रंथपालांच्या भिंतीवरचं थांबलेलं घड्याळ तिच्या दणक्याने सुरू झालं. सून म्हणते, निम्मं वजा करा.

पण पुढच्या रविवारी ग्रंथपालांच्या डोक्यामागे घड्याळात अकराच वाजले होते. आणि रजिस्टरात त्याची नोंद आहे.