डब्यात डबा

"ताई, असं फोल्डरच नाहीये म्हणतंय हे," रीस्टार्टभाऊ पडद्यावर बोट आपटत म्हणाला.

"नाही कसं? आता चहाच्या आधी जाऊन आले मी त्यात!"

"तुम्ही गेला असाल. यादी जात नाहीये."

रुग्णालयाच्या नोंदणी विभागात तिला सगळे यादीताई म्हणायचे. एकवीस वर्षं ती याद्या काढत होती आणि पहिलं वर्ष सोडलं, तर एकही यादी तिच्या हातून उशिरा गेलेली नव्हती. या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. संगणक दुरुस्त करणाऱ्या पोट सुटलेल्या गृहस्थाचं रीस्टार्टभाऊ हे नाव कसं पडलं, ते सांगायला नको. दुखणं कुठलंही असो, त्याच्याकडे औषध एकच. आज मात्र तीनदा बंद करून तीनदा चालू केलं, तरी दुखणं जागेवरच होतं.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. प्रोग्राममध्ये अकरा हजार रुग्णांच्या नोंदी होत्या आणि तो एका वेळी एकच माणूस दाखवायचा. त्यातून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेली एकशे वीस माणसं निवडून त्यांची यादी एक्सेलमध्ये काढायची आणि बाराच्या आत खाली तीन नर्सबायांना द्यायची, म्हणजे त्या फोन लावायला बसणार. डोळ्यांचे मोठे डॉक्टर उद्या सकाळी येणार होते. तीन दिवस राहून गेले, की सहा महिने त्यांचं दर्शन नाही. यादी अडली तर एकशे वीस माणसं आणखी सहा महिने भिंत धरून चालणार होती.

त्यातला सत्तेचाळिसावा नंबर हेडकाकांचा होता. जुने हेडक्लार्क. तिला माऊस हातात धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"परवानगी बघितली, केबल बघितली, प्रोग्राम पुन्हा टाकला," रीस्टार्टभाऊने कपाळ पुसलं. "आता तुमच्या फोल्डरचा पत्ताच कागदावर लिहितो. वाचा."

ती वाचायला लागली. आधी हेडकाकांनी बनवलेलं फोल्डर, त्याच्या पोटात दुसऱ्या वर्षाचं, त्याच्या पोटात तिसऱ्या वर्षाचं. सुरुवातीची नावंही अशी ऐसपैस, की रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर शोभावीत. 'शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेतील रुग्णांची सुधारित यादी.' पुढच्या वर्षी तीच 'पुन्हा सुधारित'. त्यानंतर 'अंतिम'. त्यानंतर 'अंतिम, तपासलेली'. त्यापुढे नुसती सालं. रीस्टार्टभाऊचा कागद भरला. त्याने तो उलटा केला.

"अहो, हा पत्ता आहे की कादंबरी?"

"डब्यात डबा आहे तो," ती जरा घुश्श्यातच म्हणाली. "हेडकाकांची पद्धत. नवं वर्ष जुन्याच्या पोटात ठेवायचं. बाहेर सुटं ठेवलं की हरवतं."

"आणि रोज तुम्ही एवढे सगळे उघडत आत जाता?"

"एकवीस. आता डोळे मिटून जाते."

रीस्टार्टभाऊने कागदावरची अक्षरं मोजायला घेतली. दोनशेच्या पुढे गेल्यावर त्याने पेन खाली ठेवलं आणि तो पोट हलवत हसायला लागला.

"सापडलं! ताई, एक्सेलला एवढा लांब पत्ता पेलत नाही हो. सव्वादोनशेच्या आसपास त्याचा दम संपतो. मग म्हणतं, फोल्डरच नाही. गेल्या वर्षापर्यंत कसंबसं मावत होतं. सोमवारी तुम्ही या वर्षाचा डबा घातलात आणि झालं! बाहेर एक फोल्डर करा, छोट्या नावाचं. आत्ता निघेल."

"बाहेर नाही," ती पटकन म्हणाली.

तिला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक यादी अशीच बाहेर सुटी ठेवली होती आणि कुणीतरी कचरा समजून पुसली. ऐंशी माणसांना बोलावणं गेलंच नाही. तेव्हा हेडकाका तिला एका शब्दाने बोलले नव्हते. नुसते शेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि त्यांनी तो पहिला डबा तयार केला होता. त्यांची पद्धत मोडायची म्हणजे तिच्या जिवावर आलं.

तेवढ्यात खालून नर्सबाईंचा फोन आला. "यादीताई, आम्ही तिघी हातावर हात ठेवून बसलोय. येतेय ना?"

तिने घड्याळाकडे बघितलं. मग सत्तेचाळीस नंबर आठवला. पद्धत हेडकाकांची होती, पण डोळेही त्यांचेच होते.

"येतेय," ती म्हणाली. तिने बाहेर एक फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं, 'यादी'. बटण दाबलं. एकशे वीस ओळी निमूटपणे येऊन बसल्या.

"बघा, रीस्टार्टसुद्धा लागलं नाही!" रीस्टार्टभाऊ म्हणाला.

"चहा पाजते तुम्हाला. दोन कप." तिचा जीव भांड्यात पडला होता.

बाराला दहा कमी असताना यादी खाली गेली. सत्तेचाळीस नंबर मात्र तिने स्वतःकडे ठेवून घेतला होता.

"हॅलो, हेडकाका? मी बोलतेय. उद्या सकाळी आठला या. सोबत कुणाला तरी आणा."

"कोण, यादी? अगं पोरी, मोतीबिंदूची यादी इतक्या लवकर निघाली?"

"निघाली की."

"निघणारच! डब्यात डबा आहे ना अजून?"

पडद्यावर तिची नवी 'यादी' होती आणि शेजारी त्यांचा जुना डबा.

"तुमचा डबा जिथल्या तिथे आहे, काका."

"मग काही हरवायचं नाही. दिसायला लागलं ना, की एकदा येतो ऑफिसात. सगळे उघडून बघतो. मोजतोच."

"या ना. मी खुर्ची ओढून ठेवते."

फोन ठेवून तिने जुना डबा उघडला. मग दुसरा, तिसरा, करत करत ती अगदी तळाशी पोचली. सोमवारी केलेलं या वर्षाचं फोल्डर तिथे रिकामंच होतं. आता त्याचा काही उपयोग नव्हता. पुसायला तिचा हात गेला आणि थांबला.

तिने ते तसंच राहू दिलं. हेडकाका मोजायला बसले, तर एक कमी भरायला नको.