पाचर मारली म्हणतात ती मी

मी पाचर बोलतेय. अंग बारीक तसा आवाजही बारीक, तेव्हा जरा जवळ या. आणि येताना बघून या, पॉलिशवाला आसपास नाही ना?

माझं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. जमत आलेलं लग्न मोडलं, की कुणीतरी पाचर मारली. बढती अडली, की पाचर मारली. अहो, मी कुणाचं लग्न बघितलेलं नाही. मी लाकडाचा एवढासा तुकडा, एका टोकाला बोटभर जाड, दुसऱ्या टोकाला नखाइतका पातळ.

एका सागवानी स्टुलाचा पाय मोडला, त्यातून माझा जन्म. म्हाताऱ्या सुतारानं पटाशीनं मला सोलून काढलं. पहिली चाकरी डुगडुगणाऱ्या कपाटाखाली, मग दाराखाली, मग बरीच वर्षं खिळ्यांच्या डब्यात. सगळं सुरळीत असताना मला कोण विचारतो? काहीतरी हलायला लागलं की हात डब्यात येतो. म्हणून कुठलाही हात आला की मी आधी संशयानंच बघते.

डब्याला एक भोक होतं, त्यातून कारखाना दिसायचा. मधोमध यंत्र. मोटर एक, कामं चार. कापायचं, रंधा मारायचा, भोकं पाडायची, खोबणी पाडायची. पूर्वी म्हातारा चालवायचा. मग त्याचे हात थरथरायला लागले. मुलगा परगावी नोकरीला, म्हणून सून उभी राहिली. म्हाताऱ्यानंच शिकवलं तिला, पण शिकवायची सवय काही सुटेना. ती फळी धरायची, हा मागून म्हणायचा, "अंगठा." ती म्हणायची, "आहे बाबा, जागेवर आहे."

मग तिनं पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम घेतलं. एका वाचनालयाच्या सोळा खुर्च्या, पाठी गोलाईच्या. गोलाई कापायला बँडसॉ हवा. दोन चाकांवरून फिरणारी दातेरी पट्टी असते ना, तो. तो तिनं वेगळा आणला, यंत्राच्या कडेला जोडायचा, म्हणजे त्याच मोटरवर फिरतो. मात्र यंत्राचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आणि त्याचा शाफ्ट एका रेषेत हवेत. केसाएवढा फरक राहिला तरी सगळं थरथरतं.

"बाबा," सून म्हणाली, "या वेळी हात लावू नका. मला एकटीला बसवू द्या."

"मी कुठं लावतोय?" म्हातारा म्हणाला, आणि हात पाठीमागे बांधून बसला. मला तेव्हाच शंका आली. पाठीमागे बांधलेले हात मला कधीच आवडले नाहीत.

तिनं दोरा ताणला, दोन्ही शाफ्टवर पोलादी पट्टी ठेवून खाली बॅटरी धरली. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसेना, म्हणजे फट उरली नाही, तेव्हा बोल्ट आवळले आणि लाकूड आणायला वखारीत गेली.

ती गेली तसा म्हातारा उठला. दाराकडे बघितलं. पुन्हा बघितलं. यंत्रावर तळवा ठेवून डोळे मिटून उभा राहिला. मग डबा उघडून मलाच उचललं, आणि बँडसॉच्या डाव्या पायाखाली हळूच सरकवलं. स्वतःच्या कारखान्यात चोरासारखा. मी म्हटलं, म्हाताऱ्या, तुझ्या मनात आहे तरी काय?

पॉलिशवाला चहाला आला तेव्हा म्हाताऱ्याच्या पोटात राहीना. "सूनबाईच्या यंत्राला मी पाचर मारून ठेवलीय," म्हणाला आणि हसला. पॉलिशवाला ब्रशनं लाकडाला चमक आणतो आणि तोंडानं गोष्टीला. संध्याकाळी त्यानं सुनेला फाटकात गाठलं.

"वहिनी, तुमच्या सासऱ्यांनी तुमच्या कामात पाचर मारलीय म्हणे. मला काय करायचंय, पण हसत हसत सांगत होते."

सून सरळ आत आली, वाकली, आणि मी सापडले. मला ओढून तिनं एप्रनच्या खिशात टाकलं. तिथल्या पेन्सिलनं मला टोचत विचारलं, खरं सांग, कट कुणाचा? मी काय सांगणार? मलाच कळलं नव्हतं.

सकाळी तिनं म्हाताऱ्यापुढं चहा ठेवला आणि पाठ फिरवली. बँडसॉ सुरू केला. आधी घरघर, मग थरथर, मग फाडकन दातेरी पट्टी चाकावरून उतरली. खुर्चीची पहिली पाठ चिरली. तिनं बटण बंद केलं, पट्टी बसवली, पुन्हा तेच. दुसरीही पाठ गेली.

म्हातारा दारात आला. "पाचर कुणी काढली?"

"आधी मारली कुणी ते सांगा."

"मी मारली."

"वर तोंड करून सांगताय? मी एकटी उभी राहिले ते बघवलं नाही तुम्हाला. ठेवा तुमचं यंत्र. फर्निचरच्या कंपनीत माणसं घेतायत, उद्यापासून तिकडं जाते."

म्हातारा पुढं आला. "अगं, काय बोलतेस? पायाखाली पाचर मारली, पायाखाली. बोल्ट आवळलास तसा डावा पाय खालच्या फळीत दबला. फळी मऊ आहे तिथं."

सून वळली. पोलादी पट्टी आणली, दोन्ही शाफ्टवर ठेवली, बॅटरी धरली. उजेडाची बारीक रेघ. मी खिशातून बघितली.

तिनं बॅटरी विझवली. मग म्हणाली, "सांगायचं होतंत की."

"तूच म्हणालीस हात लावू नका."

"हात म्हटलं होतं बाबा. तोंड नव्हतं म्हटलं. एरवी मिनिटभर बंद नसतं."

म्हातारा खाली बघून हसला. तिनं मला काढलं, पायाखाली घातलं, पुन्हा मोजलं. आणि ओठ चावले. आता उजेड दुसऱ्या बाजूनं.

"बाबा, ही जाड झाली."

"होईल. डोळ्यांचं काय खरंय? तळव्याला कळतं, पण किती ते नाही कळत."

तिनं मला रंध्यावर धरलं. एकदाच. मला वाटलं, संपले. पण कागदासारखी एक साल गेली फक्त. मग मला पायाखाली सरकवून तिनं बोल्ट आवळले, बटण दाबलं. कपातला चहासुद्धा हलला नाही.

कंपनीचा विषय पुन्हा निघाला नाही. पॉलिशवाला आला तेव्हा सून म्हणाली, "होय हो, पाचर मारलीय. दोघांनी मिळून." त्याला कळलं नाही. बाहेर जाऊन काय सांगितलं असेल कुणास ठाऊक.

सोळा खुर्च्या वाचनालयात गेल्या. मी अजून डाव्या पायाखाली आहे. माझ्या डोक्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत, मी कुठवर आत असावं त्याच्या. एक तिची सरळ, एक त्याची कापरी. सकाळी ती आली की अंगठ्यानं मला चाचपते, त्यानं हलवलं तर नाही ना. ती वखारीत गेली की तो येतो आणि चाचपतो, तिनं काढलं तर नाही ना. एकमेकांना हे ठाऊक नाही, असं दोघांनाही वाटतं.

तुम्हाला एवढंच मागते. कुणी म्हणालं, पाचर मारली, तर लगेच भांडायला उठू नका. आधी वाकून बघा, कुठल्या पायाखाली आहे ते. आणि जाताना दार ओढून घ्या. पॉलिशवाल्याची सायकल वाजतेय.